परसातलं थाई सूप

माझी मैत्रीण व्हीगन झाली. दूध, तूप, मध, सगळं बंद! एका थाई रेस्टॉरण्टमध्ये तिने नारळाच्या दुधाचं ‘तोम खा’ सूप मागवलं. अर्धा बाऊल संपल्यावर वेटर सहज म्हणाला, ‘मॅडम, यात फिश सॉस आहे.’ तिचा चेहरा बघवेना. म्हटलं, आता हे घरीच करायचं.

पण लेमनग्रास आणायचं कुठून? त्या वीकेण्डला शहापूरचा माहुली ट्रेक आटोपून मुरबाडला मावशीकडे गेले. फोटो बघून मावशी हसली, ‘अगं, हा तर आपला गवती चहा!’ मोरीमागे भलंमोठं बेट माजलं होतं.

आता कृती. एक नारळ खवून कोमट पाण्यात मिक्सरवर फिरवा. पहिलं दाट दूध बाजूला ठेवा, चोथ्यातून पुन्हा पातळ दूध काढा. पातळ दुधात ठेचलेला गवती चहा, आल्याच्या चकत्या, दोन मिरच्या आणि लिंबाची पानं दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. ‘खा’ म्हणजे गलांगल, आल्याचाच भाऊबंद. म्हणून आलं चालतं. मग मशरूम, मीठ आणि फिश सॉसऐवजी थोडा सोया सॉस. दाट दूध सगळ्यात शेवटी. खळखळून उकळलं तर फुटतं. माझं पहिल्यांदा फुटलंच! लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर.

मैत्रिणीने चमचा उचलला आणि थांबली, ‘यात काय काय आहे?’ मी एकेक जिन्नस सांगितला. मग तिने दोन बाऊल संपवले.

मावशीने दिलेलं रोप आता बाल्कनीत मस्त फुटलंय.