विणकराची गाठ

खटखट चाललेला माग अचानक थांबतो. ताण्यातला एक उभा धागा तुटलेला असतो. कारागीर मागाच्या पाठीमागे जातो, हजारो धाग्यांतून नेमके तुटलेले टोक हुडकतो आणि त्याला जोडायला वीतभर सूत घेतो. दोन्ही टोके अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकमेकांवर आडवी पडतात, एक टोक अंगठ्याला वळसा घालून येते, दुसरे फटीतून आत जाते. गाठ बसली! पाहणाऱ्याला काहीच कळलेले नसते. ही गाठ मागावर धागे उचलणाऱ्या वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या घरांतून न अडकता सरकेल इतकी बारीक हवी आणि मागाचा ताण सोसेल इतकी पक्कीही हवी.

ही गाठ त्याला शिकवली कोणी? विचारले तर उत्तर बहुतेक वेळा एकच येते, ‘शेजारच्या मागावर बघून.’

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याजवळ पुलावरून खाडी ओलांडली की कोन हे गाव लागते आणि तोच रस्ता पुढे भिवंडीला जातो. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर भिवंडीत स्थिरावले. त्यांच्या हातमागांच्या जागी विसाव्या शतकात विजेचे माग आले आणि या गावाचे यंत्रमागांचे शहर झाले. इथला साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभरावर वेळा धोटा फेकतो आणि एक कारागीर असे चार-सहा माग सांभाळतो. जॉबर माग दुरुस्त करतो, कांडीवाला आडव्या बाण्याच्या कांड्या भरतो. बीमवरचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवणे हे वहिफणीचे काम. त्याला दोन माणसे लागतात. एक पाठीमागून धागा पुढे करतो, दुसरा आकडीने ओढून घेतो. एक धागा चुकला तर कापडभर उभी रेघ पडते. वहिफणीचे पुस्तक कोणी वाचत नाही. तो धागा पुढे करता करताच माणूस ओढायला शिकतो.

असे शेजारी बसून शिकण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेत सूतकताई, विणकाम, रंगकाम यांचे गावोगावी संघ असतात. महिन्याला एक बैठक, तीत एखाद्या जाणकाराचे व्याख्यान आणि मग हातात धागा घेऊन कार्यशाळा, अशी त्यांची साधारण रीत. लंडनच्या विणकर संघाला दुसऱ्या हेन्री राजाने ११५५ मध्ये सनद दिली आणि तो संघ अजून नांदतो आहे. हे वाचून मराठी माणसाला वाटते, आपल्याकडे असले काही कुठे होते? होते, आणि लंडनच्या हजार वर्षे आधी.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. वर्ष ४२ चा, म्हणजे साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने ३,००० कार्षापण नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या दोन विणकर संघांकडे ठेव म्हणून ठेवले. लेखातला शब्द आहे ‘कोलिकनिकाय’. कोलिक म्हणजे विणकर, निकाय म्हणजे संघ. एका संघाकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसऱ्याकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत द्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. हिशेब सोपा आहे: दोन हजारांवर वर्षाचे व्याज २४०, आणि त्यातून वीस भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. राजघराण्यातला माणूस बेमुदत ठेव विणकरांकडे ठेवतो, तेव्हा त्या संघाची पत काय असेल! कापडाला समुद्राची वाटही होती: कोनच्या समोरचे कल्याण त्या काळी बंदर म्हणून परदेशी दर्यावर्दींना ठाऊक होते, आणि सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने तिथून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाची नोंद केली आहे.

संघाची ही कल्पना विसाव्या शतकात पुन्हा उगवली, ती चरख्यापाशी. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. त्या सुमारास सभासदत्वाची वर्गणी पैशांऐवजी सुतात ठरली: दरमहा २,००० यार्ड. स्वतः कातावे, नाहीतर दुसऱ्याने कातलेले आणून द्यावे. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबरचे सूत धरले तर दोन हजार यार्डांचे वजन जेमतेम ५४ ग्रॅम भरते, पण लांबी पावणेदोन किलोमीटरच्या पुढे. ज्याने कधी टकळी फिरवली नाही त्याला ही वर्गणी किती जड गेली असेल, हे पेळू हातात घेतल्यावरच कळते. वर्षभरात अट सैल झाली. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ निघाला, आणि १९३८ च्या अखेरीस वर्ध्याला मगन संग्रहालय उघडले. तिथे चरखे आणि ग्रामोद्योगांची अवजारे लोकांना पाहता येऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही असे एक घर बांधले. १९५६ मध्ये मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झाले. त्यामागे पुपुल जयकर यांची दृष्टी होती. इथली गंमत अशी की विणकर, रंगारी आणि चित्रकार एका छपराखाली आणले गेले. पुढे ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे चित्रकार प्रभाकर बरवे १९६१ पासून अशा केंद्रांत नोकरीला होते, आधी बनारसला, मग मुंबईत. चित्रकाराने कागदावर काढलेली वेल मागावर जाताना पायऱ्यापायऱ्यांची होते, कारण धागे आडवे आणि उभेच जातात. ते कागदावर समजावून सांगता येत नाही. विणकराला माग चालवून दाखवावा लागतो.

आज गोधडी, क्रोशे, नैसर्गिक रंग यांच्या कार्यशाळा शहरांतून भरतात आणि त्यांना गर्दी होते. बहुतेकांना पोटासाठी शिकायचे नसते, हाताला काहीतरी हवे असते. मंजिष्ठेच्या लालसाठी कापडाला आधी तुरटी का द्यावी लागते, हे पंधरा मिनिटांत सांगून होते. पण तुरटीत कापड किती वेळ भिजवायचे, पाणी कधी उतरवायचे, हे भांड्याशी उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. भिवंडीचा कारागीर आणि पुण्या-ठाण्याची हौशी विणकरीण यांच्यात एवढे साम्य नक्की आहे की दोघांनाही शेजारी कोणीतरी बसलेले लागते.

कोनमध्ये असे शेजारी आणखी एका बाजूने सापडतात. उल्हास नदीच्या खाडीकाठी कोळी-आगरी घरांनी पिढ्यान् पिढ्या हाताने जाळी विणली. हाताने विणलेल्या जाळ्याच्या प्रत्येक डोळ्याला जी गाठ बसते, ती उलगडून पाहिली तर एका दोराचा दुहेरी फासा आणि त्यात खालून शिरून, मागून वळसा घेऊन स्वतःखालीच दबलेला दुसरा दोर, अशी दिसते. मागावर तुटलेले सूत सांधणारी गाठ हीच. दोर जाड, सूत बारीक, एवढाच फरक. एखाद्या संध्याकाळी मागावरचा जॉबर आणि जाळे विणणारे आजोबा एका ओट्यावर समोरासमोर बसले, तर गाठ दोघांची एकच निघेल. मग उजवे टोक वर ठेवायचे की डावे, यावर मात्र चहा संपेपर्यंत वाद चालेल.