कथेतला बेदरकारपणा

बेदरकार माणसाला धोका दिसत असतो. चुलीवरचे दूध उतू जाते ते लक्ष नसल्यामुळे. तो झाला निष्काळजीपणा. बेदरकारपणात लक्ष असते, कोणीतरी सावधही केलेले असते, आणि तरीही पाऊल पुढे पडते. शौर्यापासूनही तो वेगळा आहे. अ‍ॅरिस्टॉटलने शौर्याची जागा भित्रेपणा आणि अविचारी धाडस या दोन टोकांच्या मध्ये ठरवली. जीव कशासाठी पणाला लावायचा, याचा हिशेब शूर माणूस करतो. बेदरकार माणूस हिशेबाला बसतच नाही.

कथाकाराला हा स्वभाव फार उपयोगी पडतो. सगळी पात्रे विचार करून वागू लागली, तर कथा पहिल्याच प्रकरणात मिटते. अविचाराचे एक पाऊल पडले की परतीची वाट बंद होते आणि माणूस आतून कसा आहे ते उघडे पडते.

महाभारताच्या सभापर्वातला द्यूतप्रसंग याचा सर्वांत मोठा नमुना. युधिष्ठिर काही अजाण नव्हता. जुगारातून कलह होतो हे तो स्वतः बोलून दाखवतो. विदुरही सावध करतो. तरी तो खेळायला बसतो. आधी धन, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम, मग तो स्वतः आणि शेवटी द्रौपदी, असा पण चढत जातो. व्यासांचे खरे कौशल्य या क्रमात आहे. प्रत्येक डावानंतर थांबता आले असते, हे श्रोत्याला कळत असते आणि म्हणूनच त्याचा जीव खालीवर होतो. पण आधी स्वतःला हरला की मला, हा द्रौपदीचा प्रश्न सभेत येतो तेव्हा भीष्मांनाही त्याचे नीट उत्तर देता येत नाही. धृतराष्ट्र सारे परत देतो, आणि पांडव वाटेला लागलेले असताना पुन्हा बोलावणे येते. युधिष्ठिर पुन्हा जाऊन बसतो! पहिल्या डावाला कपटाची सबब देता येईल. या दुसऱ्या डावाला कोणतीच सबब नाही. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्यातूनच आला.

मराठी रंगभूमीनेही हे सूत्र हाताळले आहे. राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) सुधाकर हा बुद्धिमान वकील अपमानाच्या तिरीमिरीत पहिला प्याला उचलतो आणि त्याची किंमत त्याची पत्नी सिंधू व तान्हे मूल प्राणांनी मोजतात. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर निवृत्तीच्या क्षणी होते नव्हते ते मुलांना वाटून टाकतात. हा उदारपणातला अविचार आहे, म्हणून तो अधिक चटका लावतो. दोन्ही नाटके झळ कोणाला लागली ते दाखवतात. जिथे नायक भरधाव गाडी हाकतो आणि कोणाला ओरखडाही उठत नाही, तिथे बेदरकारपणा नुसती सजावट होऊन बसतो.

कथा कधी कधी अविचाराचे रूपही पालटते. १६७३ मध्ये उमराणीजवळ कोंडीत सापडलेल्या विजापूरच्या बहलोलखानाला सरनोबत प्रतापराव गुजरांनी सोडून दिले. खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला आणि शिवाजी महाराजांनी प्रतापरावांना कठोर शब्द सुनावले. तो बोल जिव्हारी लागलेल्या सरदाराने फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला मोठे सैन्य मागे ठेवून मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर झडप घातली. परंपरा सांगते की एकूण सात जण होते, सातही पडले. लष्करी दृष्टीने पाहिले तर सेनापतीनेच सेना निर्नायकी केली, आणि तीही राज्याभिषेक चार महिन्यांवर आला असताना. लोकांनी मात्र या घटनेत अपराधाची टोचणी आणि धन्यावरची निष्ठा पाहिली, कुसुमाग्रजांनी त्यावर कविता लिहिली आणि गाण्याच्या रूपाने ती घरोघर गेली. पुढचा भाग या गाण्याइतका कोणी आठवत नाही: सरनोबतपद हंबीरराव मोहित्यांकडे आले आणि विस्कटलेली फौज त्यांनी सावरली.