कामट्या आणि नोंदवही

सकाळचे आठ वाजलेत. पन्हाळ्याच्या पायथ्याकडच्या एका गावात तात्यांच्या सोप्यात बसायला जागा उरलेली नाही. कुणाचा हात गळ्यात अडकवलेला, कुणाचा सुजलेला पाय पिशवीवर टेकवलेला. कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांची जुडी, शेजारी तिळाच्या तेलाची किटली, जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि पाट्यावर वाटलेल्या कांडवेलीचा हिरवा गोळा. तात्यांचे वडील हाडं बसवायचे, आजोबाही बसवायचे. दारावर पाटी नाही. देवळीतल्या ताटात ज्याला जे जमेल ते तो ठेवून जातो.

नंबर एका तरुण पैलवानाचा आहे. तालमीत खांदा निखळलाय. तात्या त्याला बाकावर पालथा झोपवतात, दुखरा हात खाली लोंबता सोडायला लावतात आणि जत्रेतल्या कुस्त्या कशा झाल्या ते विचारत राहतात. पोरगं बोलण्यात रमतं, खांदा सैल पडतो. तात्या मनगट धरून सावकाश खाली ओढतात. हाड जागेवर बसल्याचा आवाज मला चार हातांवरून ऐकू येतो. पैलवान उठून बसतो, घाम पुसतो, हसतो. ही विद्या खरी आहे, हे मी डोळ्यांनी बघतोय.

पुढची एक म्हातारी. न्हाणीत पाय घसरून पडली आहे. तिचा पाय आखडलेला आणि बाहेरच्या अंगाला वळलेला बघून तात्या हातसुद्धा लावत नाहीत. "मावशी, खुब्याचं हाड मोडलंय. कामटीनं जुळायचं न्हाई. आधी फोटो काढा, मोठ्या दवाखान्यात जावा." म्हातारी विनवते. तात्या मान हलवतात आणि तिच्या मुलाला गाडी बघायला पिटाळतात.

दहाच्या सुमारास एक माणूस आठेक वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन धावतच आत येतो. उजाडताच पोरगं जांभळं काढायला झाडावर चढलं आणि फांदीसकट खाली आलं. मोडलंय कोपराच्या वर. शेजारच्या गावात कुणीतरी तासाभरातच कामट्या लावून सुतळीनं आवळून दिलंय. तेव्हापासून पोराचं रडणं थांबत नाही.

तात्या मुलाची बोटं बघतात आणि हातातलं काम टाकून देतात. बोटं सुजलीत, निळसर पडलीत, गार लागतायत. नख दाबून सोडलं तरी लाली परत येत नाही. "बोटं हलीव बघू, बाळा." बोटं हलत नाहीत. तात्या एक बोट हळूच सरळ करतात आणि मूल अशी किंकाळी फोडतं की सगळा सोपा गप्प होतो.

"कात्री आण गं," तात्या सुनेला सांगतात. सुतळी तुटते, कामट्या खाली पडतात, कातडीवर खोल वळ दिसतात. "ह्ये माझं काम न्हवं. आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात न्यायला पायजे." आणि नातवाला उपकेंद्राकडं पळवतात.

बाप जागचा हलत नाही. "तात्या, तुमच्या नावावर आलोय. तिथं चिरफाड करत्यात, सळया घालत्यात. माझं पोरगं हाय. कुणाकडं न्यायचं ते मी ठरीवणार न्हवं?"

उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी येते. बी.ए.एम.एस. झालेली तरुण मुलगी आहे. हात बघताच ती १०८ ला फोन लावते आणि मग बापासमोर उकिडवी बसते. "दादा, ठरवा तुम्हीच. पण माहिती घेऊन ठरवा. कोपराच्या वर हाड मोडलं की हाताला रक्त नेणारी शीर दबू शकते. त्यावर आवळून बांधलं तर रक्त पोचतच नाही. सहा-सात तासांत स्नायू मरायला लागतात. मग बोटं वाकडी होतात ती जन्मभर." जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी घट्ट बांधलेल्या पट्ट्यांमुळे होणारं हे अपंगत्व १८८१ साली लिहून ठेवलं आहे. धोका तेव्हापासून माहीत आहे.

"बांधलं कुणी?" ती विचारते.

"नाव कशाला? चांगलं करायलाच गेला त्यो."

"माझ्या हातून हे झालं असतं तर? माझा नोंदणी क्रमांक आहे. वर कौन्सिल आहे, तिथं तक्रार करता आली असती, माझं नाव काढून टाकता आलं असतं. ह्या माणसाचं नाव कुठल्याच वहीत नाही. उद्या तो दुसऱ्या पोराचा हात असाच आवळेल."

बाप मुलाकडं बघत राहतो. तात्या टोपी डोक्यावर ठेवतात. "चल, मी येतो संगं." तेव्हा कुठं बाप उठतो. रुग्णवाहिका येते आणि तिघांना घेऊन कोल्हापूरच्या रस्त्याला लागते.

गाडीत तात्या बसले म्हणून बाप बसला. हा विश्वास सरकारला कुठल्या परिपत्रकानं निर्माण करता येणार नाही. आणि तरी कायद्यापुढे तात्या आणि तो सुतळीवाला एकाच रांगेत उभे आहेत. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ मध्ये झाला तेव्हा जुन्याजाणत्यांना अनुभवावर यादीत नाव लावायची सोय होती. तात्यांच्या आजोबांचं नाव तसं लागलं होतं. नातवाला ते दार बंद आहे. कलम ३३ खाली विनानोंदणी उपचाराला कारावास आहे, आणि परंपरेनं शिकलेल्या पण पदवी-नोंदणी नसलेल्या वैद्यांना व्यवसायाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या पारंपरिक वैद्यांच्या प्रकरणात २०१८ मध्ये सांगितलं. बोगस डॉक्टर शोधायची मोहीम निघाली की हा सोपा बंद होतो. सुतळीवाला तेवढ्यापुरता गाव बदलतो.

प्रौढ माणसानं आपल्या दुखण्यावर कुणाचा हात फिरवून घ्यायचा हे त्याचं त्यानं ठरवावं, हे मला मान्य आहे. पण समोरच्याला काय येतं आणि काय येत नाही हे कळलं तरच ती निवड ठरते. आठ वर्षांच्या मुलानं तर काहीच निवडलेलं नाही. म्हणून नोंदवही हवीच. मात्र ती तात्यांना बाहेर ठेवणारी नको, तपासून आत घेणारी हवी. भारतीय गुणवत्ता परिषदेची पारंपरिक उपचारकांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना आहे आणि हाडं बसवणारेही तीत येतात, पण त्या प्रमाणपत्राला कायद्याचं पाठबळ नाही. ते द्या. परीक्षा घ्या, काय बांधायचं आणि काय बांधायचं नाही याची मर्यादा लिहून द्या, आधी एक्स-रे सक्तीचा करा, चुकेल त्याचं नाव काढून टाका.

तोवर वाचणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. पट्टी वैद्याची असो की प्लास्टर डॉक्टरचं, बोटं गार किंवा निळी पडली, बधिर झाली, दुखणं वाढतच गेलं, तर सकाळची वाट बघू नका. पट्टी असेल तर सोडवा, आणि त्याच तासाला रुग्णालय गाठा.