'गो ऑफ' : सुरू की बंद?

'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे गजर बंद झाला का? नाही, गजर वाजू लागला! पण 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे मात्र दिवे गेले. असे उलटे अर्थ का?

'ऑफ'चा मूळ अर्थ 'पासून दूर'. तो धरला की गुंता सुटतो. चावीच्या घड्याळात गजराची ताणलेली स्प्रिंग खटक्याने अडवलेली असते. ठरल्या वेळी खटका सुटतो आणि हातोडी घंटेवर आपटू लागते. बंदुकीचा बार उडतो, बाँब फुटतो, तेव्हाही कोंडलेली ऊर्जा सुटते. तिथेही 'गो ऑफ'च! दिवा मात्र चालू स्थितीपासून दूर जातो, तर दूध चांगल्या स्थितीपासून. म्हणजे ते नासते.

आपले 'पडणे' पाहा. उजेड पडतो, यंत्र बंद पडते, प्रश्न पडतो. खाली मात्र काहीच पडत नाही.

तेव्हा आधी कर्ता पाहा, मग अर्थ लावा. प्रयोगशाळेत 'इफ द फायर अलार्म गोज ऑफ, लीव्ह द रूम' अशी पाटी असेल, तर घंटा थांबण्याची वाट पाहू नका. ती वाजू लागताच बाहेर पडा!