माहिती कोणाच्या मालकीची?



आपल्यापैकी अनेक घरांत मुलगा, सून किंवा जावई डेटाबेसशी संबंधित काम करतात. पण ॲप्लिकेशन डेटाबेसशी बोलतं तरी कसं, हे विचारायचं मात्र राहून जातं. एरवी हा प्रश्न तांत्रिक वाटेल, पण आपल्या मंडळाच्या दप्तराशी त्याचा थेट संबंध आहे.

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची कल्पना मांडली. पुढे त्यासाठी एसक्यूएल ही भाषा आली आणि १९८६ साली अमेरिकेत ती प्रमाण ठरली. भाषा एक झाली, तरी प्रत्येक कंपनीच्या डेटाबेसचं दार वेगळंच राहिलं. एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिला, की तिच्याशी जन्माची गाठ! डेटाबेस बदलायचा तर प्रोग्रॅमचा बराच भाग पुन्हा लिहावा लागे.

यावर उपाय म्हणून ‘एसक्यूएल ॲक्सेस ग्रुप’ या अनेक कंपन्यांच्या गटाने सामाईक इंटरफेसचा आराखडा तयार केला. त्याच्या आधारे मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ओडीबीसी, म्हणजे ‘ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी’, आणलं. यात ‘ड्रायव्हर’ हा दुभाषी असतो. ॲप्लिकेशन ठरलेल्या पद्धतीने विनंती करतं, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ योग्य दुभाष्याला बोलावतो आणि दुभाषी ती विनंती त्या डेटाबेसला समजेल अशा रूपात पोचवतो. डेटाबेस बदलला तर मुख्यतः दुभाषी बदलायचा. जावासाठी हीच सोय १९९७ साली जेडीबीसीने केली.

आता मंडळाकडे वळू. सभासदांची यादी, मराठी शाळेचा पट, देणग्यांच्या नोंदी हे सगळं कुठल्या तरी प्रोग्रॅममध्ये आहे. उद्या तो प्रोग्रॅम बंद पडला तर? माहितीला ओडीबीसीचं दार असेल, तर ती एक्सेलमध्येसुद्धा उघडता येते. दार नसेल, तर पुढच्या कार्यकारिणीला सारं हाताने उतरवून काढावं लागेल.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. जुन्या पद्धतीच्या जोडणीतून देवनागरी नाव पाठवलं, तर पलीकडे नुसती प्रश्नचिन्हं उमटू शकतात. ओडीबीसीच्या ३.५ आवृत्तीपासून युनिकोडची सोय आहे, पण ॲप्लिकेशन, ड्रायव्हर आणि तक्त्यातला रकाना या तिघांनीही ती पाळायला हवी. प्रश्नचिन्ह म्हणून साठवलं गेलेलं नाव त्या नोंदीतून परत मिळत नाही.

म्हणून नवीन सॉफ्टवेअर घेताना किंमत विचाराच, पण आणखी तीन प्रश्नही विचारा. आमची माहिती प्रमाण ड्रायव्हरने बाहेर काढता येईल का? देवनागरी नावं जशीच्या तशी राहतील का? ज्यांना फक्त यादी पाहायची आहे, त्यांना बदल करता येणार नाही असं वेगळं खातं देता येईल का?

प्रोग्रॅम येतील आणि जातील. नावं आपल्या माणसांची आहेत. ती टिकली पाहिजेत.