पाऊस पडला, मग विहीर का आटली?



मार्च उजाडला की गावागावांतल्या बैठकांत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पाऊस तं यंदा बराच झाला, मंग विहीर कावून आटली?" प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर ऑक्टोबरातच समजून घेतलं तर उपयोग आहे, मार्चमध्ये नाही. म्हणून तो विषय या अंकात घेतला. सुरुवात मात्र जरा लांबून, बर्फापासून करते. आपल्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो हे मलाही माहीत आहे, पण थोडा धीर धरा.

जगात असे मोठे प्रदेश आहेत जिथे पाणी साठवायचं काम डोंगरावरचा बर्फ करतो. हिवाळ्यात तो पडतो, थरावर थर चढतो आणि ऊन वाढलं की हळूहळू वितळत खाली येतो. म्हणजे पाणी लागतं तेव्हाच ते मिळतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथलं साधारण तीस टक्के पाणी सिएरा नेवाडा डोंगरांवरच्या बर्फातून येतं. तिथले लोक वाट पाहत बसत नाहीत. पोकळ नळी बर्फात खुपसून ते साठा मोजतात, आणि एप्रिलच्या सुरुवातीच्या मोजणीला सगळ्यात जास्त महत्त्व देतात, कारण पुढच्या उन्हाळ्याचा हिशेब त्यावरच बसतो. २०१५ च्या १ एप्रिलला हा साठा नेहमीच्या फक्त पाच टक्के भरला. मोजणीच्या जागी एरवी पाच फुटांहून जास्त बर्फ असतो, तिथे त्या दिवशी राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राऊन सुक्या गवतावर उभे होते. त्याच दिवशी त्यांनी शहरांच्या पाण्यात पंचवीस टक्के कपातीचा आदेश काढला.

बर्फाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ दुष्काळाचे दोन प्रकार सांगतात. एकात आभाळातून काही पडतच नाही. दुसऱ्यात पडतं तेवढंच, पण हवा गरम असल्यामुळे बर्फाऐवजी पाऊस होतो, आणि तो पाऊस त्याच दिवशी डोंगर उतरून निघून जातो. मोजपात्रात आकडा चांगला दिसतो आणि उन्हाळ्यात नदी कोरडी पडते. आपल्या हिमालयातही काळजी आहेच. काठमांडूची 'इसिमोड' ही संस्था तिथल्या बर्फावर लक्ष ठेवते. तिच्या २०२५ च्या अहवालात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी नोंदलं आहे, तेवीस वर्षांतलं सगळ्यात कमी.

आता या दुसऱ्या प्रकाराकडे बघा, त्यात आपलंच गाव दिसेल.

आपली वर्धा नदी निघते मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळून, सातपुड्यातून. धाम, बोर, वेणा यांचंही पाणी पावसाचंच. वर बर्फ नाही. मग चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा तर तो साठतो कुठे? काही धरणांत, काही तलावांत. पण गावातली विहीर, हातपंप आणि शेतातला बोअर यांचं पाणी मुरमात साठतं. आपला बर्फ जमिनीखाली आहे, एवढंच समजा.

विहीर खोदताना तुमच्यापैकी कितीतरी जणींनी माती उपसली आहे, त्यामुळे पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली काळा खडक. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग याच काळ्या खडकाचा. पाणी धरतो तो मुरूम, आणि खडकातल्या भेगा. अखंड खडक पाणी धरत नाही. मुरूमही कंजूषच आहे. असा एक मीटर जाडीचा, पाण्याने पूर्ण भरलेला थर रिकामा केला तर हाती साधारण दोन सेंटीमीटर पाणी लागतं. म्हणून आपल्या विहिरी श्रावणात भराभर वर येतात आणि संक्रांतीनंतर तेवढ्याच वेगाने खाली जातात. साठाच लहान आहे.

तो भरतो कसा? आपल्याकडे वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस होतो. एक एकरावर एवढा पाऊस म्हणजे चाळीस लाख लिटर पाणी. त्यातलं खडकाळ भागात मुरतं साधारण दहा टक्के, म्हणजे चार लाख लिटर. बाकीचं पीक पितं, उन्हाने उडतं, नाल्याने वाहून जातं.

हे दहा टक्केसुद्धा पाऊस कसा पडतो यावर ठरतात. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात, पहिल्या सरींचं पाणी त्यातून सरळ आत जातं. मग माती फुगते आणि भेगा मिटतात. त्यानंतर पाणी आत घ्यायला तिला वेळ लागतो. चार दिवस रिमझिम झाली तर ती घेते. तेवढाच पाऊस चार तासांत कोसळला तर पाणी बांध फोडून, वरची माती घेऊन नाल्यात जातं. २०२२ च्या जुलैमध्ये आपल्या जिल्ह्यात पूर आले, तेव्हा हेच डोळ्यांनी पाहिलं आपण.

अशा कोसळणाऱ्या पावसाची संख्या वाढते आहे, हा नुसता आपला भास नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी अतिवृष्टी होण्याच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यात दिसलं. पावसाळ्याची एकूण बेरीज मात्र वाढली नाही, उलट कमी झाली. याचा अर्थ अधल्यामधल्या कोरड्या दिवसांचा ताण वाढला. समुद्र तापला की हवेत वाफ जास्त होते, ती धरून धरून एकदम सोडली जाते. वरून आपला उन्हाळा, त्यात जे साठलं तेही लवकर उडतं.

म्हणजे कॅलिफोर्नियात बर्फाचा पाऊस झाला, आपल्याकडे भिजपावसाचा झोडपा झाला. दोन्हीकडे पाणी पडलं, साठलं नाही. दुष्काळ म्हटला की आपण आभाळाकडे बघतो. सरकारी यादीतला दुष्काळ वेगळा, २०१८ मध्ये ३१ ऑक्टोबरला राज्यातले १५१ तालुके एकदम त्या यादीत आले होते. पण ज्या वर्षी यादीत नाव नाही, त्या वर्षीही तुमच्या डोक्यावर हंडा येतोच. तो दुष्काळ साठ्याचा आहे.

आता खर्चाची बाजू. हे गणित मी कितीतरी गावांत फळ्यावर मांडलं आणि प्रत्येक वेळी बैठकीत शांतता झाली. एक एकर गव्हाला पाटाने एक पाणी द्यायचं, साधारण पाच सेंटीमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. पाच माणसांच्या घराला जलजीवन मिशनच्या हिशेबाने, माणशी ५५ लिटर धरून, दिवसाला २७५ लिटर लागतात. दोन लाख लिटर त्या घराला जवळपास दोन वर्षं पुरतात. गव्हाला अशी पाच-सहा पाणी लागतात, हरभऱ्याला एक-दोन भागतात. गहू लावूच नका असं मी म्हणत नाही, पोळी सगळ्यांनाच लागते. पण कमी साठ्याच्या वर्षी गावाने गहू किती एकर आणि हरभरा किती एकर हे ऑक्टोबरात बोललंच नाही, तर मार्चमध्ये ते विहीर ठरवते. आणि त्याची किंमत शेत ज्याच्या नावावर आहे तो मोजत नाही. हंडा जिच्या डोक्यावर आहे ती मोजते, शाळा बुडवून तिच्यासोबत जाणारी पोरगी मोजते.

साठा मोजायला शास्त्रज्ञ लागत नाही. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण तुमची विहीर त्यात असेलच असं नाही. म्हणून आपली आपण मोजू. दोरीला दगड बांधा, दर मीटरला गाठ मारा. सकाळी मोटर सुरू व्हायच्या आधी जा. कठड्यावर रंगाची एक खूण करा आणि नेहमी तिथूनच मोजा, नाही तर आकडे जुळत नाहीत. खुणेपासून पाण्यापर्यंत किती, आणि खुणेपासून तळापर्यंत किती, दोन्ही लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे विहिरीतलं पाणी. गोल विहिरीची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा, मग पाण्याच्या उंचीने, मग ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येतं. पाच मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ७८,५०० लिटर. तीनशे घरांच्या गावाला एका दिवसाला ८२,५०० लिटर लागतात. म्हणजे भरलेली दिसणारी ही विहीर खरं तर एका दिवसाचीसुद्धा नाही, ती झऱ्यावर चालते. म्हणून मोटर बंद केल्यावर तासाभरात पाणी किती वर आलं हेही मोजा. झरा मंदावतो तेव्हा मुरूम रिकामा होत आलेला असतो. टंचाई तिथून सुरू होते, टँकर यायच्या बऱ्याच आधी.

आता गटाच्या पैशाचं बोलू. बोअरसाठी कर्जाची मागणी दर हिवाळ्यात येते. मागणारी आपलीच असते, तिचं पीक वाळत असतं, नाही म्हणणं जिवावर येतं. पण खोल बोअर नवीन पाणी तयार करत नाही. अखंड खडकात भेग लागली नाही तर तो कोरडा जातो आणि हप्ता मात्र सुरू होतो. भेग लागली तर बऱ्याचदा तिच्यातून येणारं पाणी वरच्या मुरमातलंच असतं, म्हणजे शेजारणीच्या विहिरीतलं. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेऊ नये, हा नियम राज्यात १९९३ च्या कायद्यापासून आहे. तेव्हा अर्ज वाचताना आधी अंतर विचारा, मग आजूबाजूचे किती बोअर कोरडे गेले ते विचारा. माझं मत विचाराल तर त्याच पैशात ठिबक, किंवा आहे त्याच विहिरीचं पुनर्भरण, यासाठी कर्ज देणं गटाला कमी जोखमीचं.

मुरवण्याची कामं तुम्हाला माहीत आहेत: उतारावर समतल चर, शेतात बांधबंदिस्ती, घराशेजारी शोषखड्डा, नाल्यावर बंधारे. क्रम मात्र वरून खाली हवा. आधी माथा, मग शेत, शेवटी नाला. पुष्कळ ठिकाणी उलटं होतं, कारण नाल्यात मशीन उतरली की काम डोळ्यांना दिसतं. माथा उघडाच राहिला तर तो नाला दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. आणि खोलीकरण मुरमापर्यंतच ठीक, खडक फोडून फायदा नाही. आर्वी तालुक्यातलं काकडदरा हे छोटंसं गाव २०१७ च्या सत्यमेव जयते वॉटर कपमध्ये राज्यात पहिलं आलं होतं. जवळच आहे. प्रभागसंघाने एक अभ्यासभेट तिकडे काढावी, असं मी सुचवलं आहे.

यंदाची पहिली मोजणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करायची आहे, मग जानेवारी, मार्च आणि मे. प्रत्येक ग्रामसंघाने पिण्याची एक आणि शेतातल्या दोन विहिरी निवडाव्यात. तारीख, पाण्यापर्यंतची खोली, तळाची खोली आणि तासाभरातली वाढ, एवढे चार रकाने ग्रामसंघाच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर आखा. नोव्हेंबरच्या मासिक बैठकीत ते पान उघडून ठेवा, रब्बीचं बोलणं त्यानंतर करू.