शिकागो नावाचा भोंगा

आमच्या घनसावंगी तालुक्यात सप्ताह बसायचा म्हटला की मंडपाच्या आधी मशीन येते. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर, पण तो शब्द गावात कुणी उच्चारत नाही. साउंडवाला लोखंडी डबा पाटावर ठेवतो, मागच्या लाल-काळ्या टर्मिनलला ट्रॅक्टरची बॅटरी चिमट्यांनी जोडतो आणि माईकवर दोनदा फुंकर मारतो. डब्यावर नाव बहुधा आहुजा. १९४० पासून चालत आलेली ही दिल्लीची कंपनी मराठवाड्यातल्या देवळादेवळांत पोचली आहे.

तिच्याही आधीचे एक नाव जुन्या फोटोंत दिसते. गांधीजी किंवा नेहरू बोलताहेत, आणि माईकवरच्या पट्टीवर लिहिलेय : शिकागो रेडिओ. लहानपणी मला वाटे, अमेरिकेने एवढी मदत केली होती तर! प्रत्यक्षात हे घर सिंधी. ज्ञानचंद मोटवाने यांनी १९०९ साली सिंधमध्ये विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला, पुढे बस्तान मुंबईत हलवले. पुढच्या पिढीतल्या नानिक मोटवाने यांनी ध्यास घेतला तो सभांचा. गांधीजींचा आवाज मुळात हळू, समोर हजारोंची गर्दी. मागच्यांना दर्शन घडे, शब्द कानी पडत नसे. १९३१ च्या कराची काँग्रेसला शिकागो रेडिओचे कर्णे लागले आणि पुढे काँग्रेसची सभा म्हणजे शिकागोचा माईक असे समीकरणच होऊन बसले.

त्याच काळात काँग्रेस खेड्याकडे वळत होती. आपल्या शेजारच्या खानदेशात, फैजपूरला १९३६ साली पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. (आमचा जालना जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे भोंग्याचा प्रश्न पुढचा, आधी सभेचीच परवानगी मिळायला हवी.) उघड्या माळावर सभा घ्यायची तर वीज सोबत न्यावी लागे. व्हॉल्व्हच्या मशीनला शेकडो व्होल्टचा दाब हवा आणि बॅटरी देणार सहा नाहीतर बारा. तो दाब चढवायला व्हायब्रेटर किंवा फिरते जनित्र जोडायचे, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचे, आणि मग कुठे आवाज.

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘करेंगे या मरेंगे’ घुमले तेही याच कंपनीच्या यंत्रणेतून. पुढे उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरात धाड पडली, खटला उभा राहिला, आणि सामान पुरवल्याच्या आरोपावरून नानिक मोटवानेही आरोपींत होते. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने सुटले. धंद्यापायी आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत गेलेला अॅम्प्लिफायरवाला मला तरी दुसरा ठाऊक नाही.

आपल्याकडच्या मशीनची हुशारी सुरेलपणात कधीच नव्हती. ती होती दूर जाण्यात. देवळातून वेशीपर्यंत तार ओढायची म्हणजे तीनचारशे मीटर. शंभर वॅट आठ ओहमच्या भोंग्याला थेट द्यायचे तर तारेतून साडेतीन अँपिअर प्रवाह जातो आणि बारीक तार निम्मा आवाज वाटेतच खाऊन टाकते. म्हणून मशीनच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर दाब शंभर व्होल्टवर नेतो. प्रवाह उरतो एक अँपिअर. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गाने घटतो, म्हणजे जवळजवळ बारा पटींनी. भोंग्यापाशी दुसरा छोटा ट्रान्सफॉर्मर तो दाब उतरवून घेतो. महापारेषणचे मनोरे करतात तेच काम, छोट्या प्रमाणावर. साउंडवाल्याला हे गणित कुणी शिकवलेले नसते. ‘लाईनवर टाक’ एवढेच तो पोराला सांगतो.

ट्रान्झिस्टर आले आणि बॅटरीचा पेच सुटला; बारा किंवा चोवीस व्होल्टवर मशीन थेट चालू लागले. मराठवाड्याच्या भारनियमनात याचे मोल कळते. कीर्तन रंगात असताना वीज जाते, मंडपातले दिवे विझतात, मशीन बॅटरीवर उडी मारते आणि महाराजांचे वाक्य मधे तुटत नाही.

भोंग्याचे मात्र एक दुखणे आहे. त्याची दुमडलेली नळी बोलण्याच्या पट्टीत जोरात वाजते, खालच्या खर्जात पार मुकी. त्यामुळे शेतात बसून ऐकले तर टाळ खणखणतात, पखवाजाची धूम मात्र येतच नाही. शिवाय दोन भोंगे दोन टोकांना बांधलेले असले की प्रत्येक शब्द दोनदा येतो, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरच धावतो. मोठ्या सभांत यावर तोड म्हणून मागच्या मनोऱ्यांचा आवाज यंत्राने मोजून उशिरा सोडतात. १४ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या सभेसाठी लोटलेला जनसागर आठवा, म्हणजे मागच्या माणसापर्यंत शब्द धड पोचवणे किती जिकिरीचे असेल याचा अंदाज येईल.

आताची डिजिटल मशीन एका हाताने उचलता येतात आणि हजारो वॅट ओकतात. त्यांच्या डीजेने लग्नात छाती थरथरते, आणि २००० सालच्या ध्वनी नियमांतली रात्री दहाची मर्यादा कागदावर राहते. माझे मन अजून त्या जड डब्यातच आहे.

काल्याचे कीर्तन झाले, लाह्या वाटून संपल्या, की साउंडवाला कोपर आणि अंगठ्याच्या मधे तार गुंडाळू लागतो. मशीन अजून कोमट असते. तो ते गोणपाटात गुंडाळतो आणि विचारतो, ‘पुढचा सप्ताह कोणत्या गावाला, दादा?’